वाचक विचारतात : माफाल्दा, सावोया घराण्याची विसरलेली राजकन्या

मागच्या अंकात इटलीच्या सावोया राजघराण्याची वंशावळ छापली होती. तिच्यात माफाल्दाच्या नावापुढे फक्त ‘मृत्यू : बुखेनवाल्ड, 1944’ एवढेच होते. एका राजाची मुलगी नाझी छळछावणीत कशी मेली, असा प्रश्न बऱ्याच वाचकांनी पाठवला, आणि त्याला धरून आणखीही काही. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : माफाल्दा नेमकी कोणाची कोण? वंशावळीत इतकी नावे आहेत की गोंधळ होतो.

इटलीचा राजा व्हित्तोरिओ एमान्युएले तिसरा आणि मॉन्टेनेग्रोची राजकन्या असलेली राणी एलेना यांची ही दुसरी मुलगी. जन्म रोममध्ये, 19 नोव्हेंबर 1902 रोजी. पाच भावंडांचा क्रम लक्षात ठेवला की गोंधळ संपतो : योलांडा (1901), माफाल्दा (1902), उंबेर्तो (1904), जोव्हान्ना (1907) आणि मारिया फ्रान्चेस्का (1914). योलांडाने 1923 साली काउंट कालव्ही दी बेर्गोलो या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले. जोव्हान्ना 1930 साली बल्गेरियाचा राजा बोरिस याची राणी झाली. मारिया फ्रान्चेस्का 1939 साली बूर्बों-पार्मा घराण्यात गेली. उंबेर्तो 1946 च्या मे-जूनमध्ये जेमतेम महिनाभर राजा होता.

माफाल्दाचे लग्न 23 सप्टेंबर 1925 रोजी तोरिनोजवळच्या राक्कोनिजीच्या वाड्यात झाले. नवरा फिलिप, जर्मनीतल्या हेसे घराण्याचा राजपुत्र. त्याची आई जर्मन कैसर दुसरा विल्हेल्म याची सख्खी बहीण, तर बाप फ्रीडरिख कार्ल 1918 साली फिनलंडच्या राजेपदी निवडला गेला होता, पण गादीवर बसायच्या आतच ते राज्य हातचे गेले. माफाल्दाला चार मुले झाली : मोरित्स, हाइनरिख, ओट्टो आणि एलिझाबेथ.

‘माफाल्दा’ हे मातिल्डाचेच एक रूप, आणि सावोया घराण्यात ते फार जुने. बाराव्या शतकात याच घराण्यातली एक माफाल्दा पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेस याची राणी झाली होती. जुने संदर्भ चाळताना या दोघींची गल्लत होते. म्हणून नावाशेजारी साल नसेल तर त्या नोंदीवर विसंबू नये.

प्रश्न : उंबेर्तो आधी दोन मुली जन्मल्या होत्या. मग योलांडा किंवा माफाल्दा गादीवर का येऊ शकल्या नाहीत?

1848 सालचा ‘स्तातुतो आल्बेर्तिनो’ ही राज्याची घटना होती. तिच्या दुसऱ्याच कलमात गादीचा वारसा सॅलिक नियमाने चालेल असे म्हटले आहे, म्हणजे फक्त पुरुषाकडून पुरुषाकडे. मुलगी थोरली असो की धाकटी, ती त्या रांगेतच नसते. उंबेर्तो जन्मला नसता तरी गादी चुलत शाखेतल्या पुरुषाकडे गेली असती, मुलींकडे नाही.

प्रश्न : राजाच्या मुलीला जर्मनांनी पकडले कसे? बापाने तिला आधी सावध का केले नाही?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची होती आणि सर्वाधिक चुकीची माहितीही इथेच पसरलेली आहे. तेव्हा तारखा ओळीने पाहू.

25 जुलै 1943 रोजी राजाने मुसोलिनीला पदावरून काढले आणि रोममधल्या व्हिला सावोया या आपल्याच निवासस्थानाच्या दारात त्याला अटक करवली. ऑगस्टमध्ये जनरल कास्तेल्लानो लिस्बनला जाऊन दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी करू लागला. 28 ऑगस्टला सोफियात बोरिस राजा वारला, आणि विधवा झालेल्या बहिणीला आधार द्यायला माफाल्दा अंत्यविधीसाठी बल्गेरियाला निघाली. 3 सप्टेंबरला सिसिलीत कास्सीबिले इथे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, पण ती गुप्त ठेवली गेली. 8 सप्टेंबरच्या संध्याकाळी दोस्तांचा सेनापती आयझेनहॉवर याने रेडिओवरून ती जाहीर केली. पंतप्रधान बादोल्योला ही घोषणा आणखी काही दिवसांनी होईल असे वाटत होते, म्हणून रोममध्ये एकच धावपळ उडाली. 9 तारखेच्या पहाटे राजा, राणी, युवराज आणि सरकार रोम सोडून पूर्व किनाऱ्याकडे निघाले. ओर्तोनाहून ते युद्धनौकेवर चढले आणि 10 तारखेला ब्रिंदिसीत उतरले.

या काळात माफाल्दा परतीच्या प्रवासात होती. शस्त्रसंधीची बातमी तिला वाटेत, रुमानियातल्या सिनाइया स्थानकावर कळली. तीही बापाकडून नव्हे, तर रुमानियाची राजमाता हेलेन हिच्याकडून. मागे फिरण्याचा सल्ला मिळूनही ती रोमकडेच निघाली, कारण मुले तिथे होती.

‘8 सप्टेंबरला सगळे अचानक घडले, राजा बिचारा काय करणार’ असे उत्तर बऱ्याचदा दिले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. घोषणा अचानक झाली हे खरे. पण माफाल्दा ऑगस्टच्या अखेरीस निघाली तेव्हा बोलणी चालू होती आणि राजाला ती ठाऊक होती. जावई जर्मन, त्यातही हिटलरच्या मुख्यालयात अडकलेला, तेव्हा मुलीकडून गुपित फुटेल ही भीती समजण्यासारखी आहे. शस्त्रसंधीचा एक शब्दही न सांगता तिला थांबवता आले असते. प्रकृतीचे निमित्त पुढे करता आले असते, मुलांचे करता आले असते. आमच्या मते चूक 8 सप्टेंबरची नाही, ती प्रवासाला निघाली त्या दिवसाची आहे.

22 सप्टेंबरला ती रोममध्ये पोचली. थोरला मोरित्स जर्मनीत होता. बाकीची तीन मुले व्हॅटिकनमध्ये मोन्सिन्योर मोन्तिनी यांच्या आश्रयाला होती (हेच पुढे पोप सहावे पॉल झाले). मुलांना ती भेटली. दुसऱ्या दिवशी जर्मन वकिलातीतून निरोप आला की तुमच्या पतीचा महत्त्वाचा निरोप आहे, घ्यायला या. ती गेली आणि तिथेच अटक झाली. तारीख 23 सप्टेंबर, लग्नाला अठरा वर्षे पूर्ण झाली तो दिवस. त्याच दिवशी योलांडाचा नवरा कालव्ही दी बेर्गोलो यालाही जर्मनांनी पकडले. ‘खुले शहर’ (म्हणजे जिथे लढायचे नाही असे ठरलेले) म्हणून जाहीर झालेल्या रोमचा तो लष्करी प्रमुख होता.

पतीचा निरोप ही निव्वळ थाप होती. फिलिपला हिटलरने 8 सप्टेंबरनंतर लगेचच अटक करून फ्लोसेनबुर्ग छावणीत टाकले होते, आणि माफाल्दाला त्याचा पत्ता नव्हता.

प्रश्न : बुखेनवाल्डच्या नोंदींत तिचे नाव सापडत नाही असे वाचले. खरे आहे का?

खऱ्या नावाने सापडत नाही. तिला ‘फ्राउ फॉन वेबर’ या नावाने ठेवले होते आणि खरे नाव सांगायला बंदी होती. मुख्य छावणीपासून वेगळी, कुंपण घातलेली एक बराक खास कैद्यांसाठी होती. तिथे जर्मन समाजवादी नेता रुडोल्फ ब्राइटशाइड आणि त्याची पत्नी टोनी हे तिचे शेजारी. मारिया रुहनाउ ही ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाची कैदी तिच्या मदतीला दिली होती. सामान्य कैद्यांपेक्षा इथले हाल कमी होते, पण ही बराक गुस्टलॉफ या शस्त्रनिर्मिती कारखान्याला लागून होती, आणि तेच जिवावर बेतले.

प्रश्न : ती दोस्तांच्या बाँबहल्ल्यात मेली की जर्मनांनी मारली? दोन्ही वाचायला मिळते.

दोन्हींत तथ्य आहे, आणि क्रम समजला की विरोध राहत नाही.

24 ऑगस्ट 1944 रोजी दुपारी अमेरिकी विमानांनी गुस्टलॉफ कारखाना आणि छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या इमारतींवर बाँब टाकले. लक्ष्य कारखाना होता, पण कैदी तिथेच राबत असल्याने सुमारे 400 कैदी मेले. बराकीतली मंडळी शेजारच्या खंदकात उतरली होती. ब्राइटशाइड जागीच ठार झाला. माफाल्दा मानेपर्यंत ढिगाऱ्यात गाडली गेली. तिला बाहेर काढले तेव्हा एक हात गंभीर भाजलेला आणि जखमी होता. या अवस्थेत ती जिवंत होती, हे आधी पक्के लक्षात घ्यायला हवे.

तिला छावणीतल्या कुंटणखान्याच्या इमारतीत हलवले, तिथल्या एका खोलीचा उपयोग आजाऱ्यांसाठी केला गेला. पुढच्या दिवसांत हात चिघळला. तो कापायचे ठरले ते त्यानंतर, आणि शस्त्रक्रिया केली एसएसचा डॉक्टर गेर्हार्ड शीडलाउस्की याने. ती लांबली, रक्त फार गेले, आणि शुद्धीवर न येताच माफाल्दा मेली. वय 41.

शस्त्रक्रिया मुद्दाम उशिरा आणि मुद्दाम लांबवून केली, हा आरोप फाउस्तो पेकोरारी या इटालियन डॉक्टरचा आहे. ते स्वतः बुखेनवाल्डमध्ये कैदी होते, आणि युद्धानंतर इटलीच्या घटना समितीचे उपाध्यक्ष झाले. हेतू सिद्ध करणे अवघड. पण वैद्यकीय बाजू सरळ आहे : भाजलेल्या आणि चिरडलेल्या हातात संसर्ग पसरला की दर तासाला रोगी खचत जातो. हात काढायचाच असेल तर लवकर आणि झटपट काढावा लागतो, आणि गेलेले रक्त भरून द्यावे लागते. इथे यातले काहीच झाले नाही. शीडलाउस्कीला पुढे हॅम्बुर्गच्या खटल्यात राव्हेन्सब्रुक छावणीतल्या गुन्ह्यांबद्दल फाशी झाली, 3 मे 1947 रोजी. माफाल्दाच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली असे कुठे वाचले तर ते चुकीचे आहे.

मृत्यूची तारीख काही ठिकाणी 27 तर काही ठिकाणी 28 ऑगस्ट दिलेली आढळते. मृत्यू रात्री झाला, त्यामुळे हा फरक पडतो. पण 24 ऑगस्ट दिलेली असेल तर ती हल्ल्याची तारीख आहे, मृत्यूची नव्हे. याच हल्ल्याचा नाझींनी आणखी एक उपयोग करून घेतला. कम्युनिस्ट नेता एर्न्स्ट थेलमान याला त्यांनी 18 ऑगस्टला बुखेनवाल्डमध्येच गोळ्या घातल्या होत्या, आणि वर्तमानपत्रांत छापले की तो विमानहल्ल्यात मेला. म्हणून या छावणीतल्या ऑगस्ट 1944 च्या कुठल्याही मृत्यूची जर्मन सरकारी हकीगत जशीच्या तशी स्वीकारू नये.

प्रश्न : हिटलरचा तिच्यावर एवढा राग का होता? तिने काही राजकीय काम केले होते का?

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या रोजनिशीत सप्टेंबर 1943 मध्ये तिच्याबद्दल अत्यंत हीन शब्द आहेत, आणि बोरिस राजाच्या मृत्यूत तिचा हात असावा असा हिटलरचा संशयही नोंदला आहे. संशयाला पुरावा कधीच पुढे आला नाही. राग होता तो राजावर. राजा ब्रिंदिसीला निसटला, मुलगी हाती लागली.

प्रश्न : तिचा नवरा फिलिप नाझी होता ना? मग त्यालाही बळी म्हणायचे का?

नाझी होता, आणि तोही बिनीचा. 1930 साली पक्षात आला, 1933 साली हेसे-नासाउ प्रांताचा मुख्य प्रशासक झाला. हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात निरोप नेण्या-आणण्याचे काम त्याने केले. सगळ्यांत काळी गोष्ट हदामारची. मानसिक रुग्णांना मारण्याच्या मोहिमेसाठी तिथले रुग्णालय वापरायला देण्याच्या करारावर 1941 साली प्रांतप्रमुख म्हणून त्याची सही आहे, आणि त्या वर्षी ऑगस्टपर्यंत तिथे 10,000 हून अधिक माणसे विषारी वायूने मारली गेली. युद्धानंतर त्याच्यावर याबाबत आरोप ठेवले गेले, नंतर ते मागे घेतले गेले. 1943 नंतर तो कैदी होता हे खरे, पण त्याने आधीचा हिशोब पुसला जात नाही. नवराबायकोचे भोग एका ओळीत बसवणाऱ्या लेखांपासून सावध राहावे. माफाल्दाने असले कुठलेही पद घेतलेले नव्हते. फिलिप 1980 साली रोममध्ये वारला.

प्रश्न : ‘प्रिन्चिपेस्सा माफाल्दा’ नावाचे जहाज बुडाले होते. त्याचा हिच्याशी संबंध?

नावापुरता. ते जहाज तिच्या बालपणीच रिवा त्रिगोसो इथल्या गोदीत बांधले गेले. जोडीचे जहाज होते ‘प्रिन्चिपेस्सा योलांडा’, आणि त्याची गोष्ट जहाजबांधणीतला धडाच आहे. 22 सप्टेंबर 1907 रोजी योलांडा पाण्यात सोडले ते जवळजवळ पूर्ण सजवून. वरच्या मजल्यांचे, सामानाचे वजन चढलेले, तळात कोळसा नाही की भार नाही. त्यामुळे गुरुत्वमध्य फार वर गेला. जहाज पाण्यात उतरताच कलले, उघड्या जागांतून पाणी आत शिरले आणि ते तिथेच उलथले. यातून शिकून माफाल्दा 1908 साली वरचे बांधकाम बाकी ठेवून पाण्यात सोडले. 1910 साली याच जहाजावर मार्कोनीने पतंगाला बांधलेली तार अँटेना म्हणून वापरून दूरवरचे बिनतारी संदेश पकडले.

25 ऑक्टोबर 1927 रोजी ब्राझीलच्या बाइया किनाऱ्याबाहेर, आब्रोल्योस बेटांच्या परिसरात, जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा तुटला. तुटलेल्या भागाने मागच्या बाजूला जहाजाच्या कवचाला छिद्र पाडले आणि यंत्रघरात पाणी भरू लागले. पाणी अडवणारी दारे नीट बंद होईनात. बुडायला काही तास लागले, मदतीला इतर जहाजेही पोचली होती, तरी 314 माणसे गेली. एवढा वेळ हाताशी असूनही इतके बळी जाण्यामागे अंधार, घबराट आणि घाईने, वेड्यावाकड्या उतरवलेल्या होड्या होत्या.

प्रश्न : माफाल्दिने हा पास्ता तिच्याच नावाचा का? घरी केला तर कडा लाटांसारख्या होत नाहीत.

हो, नाव तिच्यावरूनच. त्याचे दुसरे नाव ‘रेजिनेत्ते’, म्हणजे छोट्या राण्या. साधारण एक सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी, दोन्ही कडांना झालर.

कडा का जमत नाहीत, तर नागमोडी चाकाने कापलेली कड दातेरी होते, झालरीसारखी होत नाही. कारखान्यात पीठ साच्यातून दाबून काढतात, आणि साचा असा असतो की कडेचे पीठ मधल्यापेक्षा वेगाने बाहेर येते. कडेची लांबी जास्त झाली की ती सपाट राहूच शकत नाही, लाटा घेते. लाटून-कापून हा परिणाम मिळणार नाही. तरी करायचाच असेल तर ड्युरम गव्हाचा बारीक रवा 400 ग्रॅम, कोमट पाणी सुमारे 200 मिलिलिटर, दहा मिनिटे मळणे, अर्धा तास झाकून ठेवणे, दीड मिलिमीटर जाडीवर लाटणे. कापलेल्या पट्टीची कड चिमटीत हलकेच ताणत गेलात तर थोडी लाट येते.

विकतचा वाळलेला पास्ता शिजवताना माणशी 80 ते 100 ग्रॅम धरा. दर 100 ग्रॅमला एक लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. पट्ट्या मोडू नका, टोके मऊ झाली की आपोआप खाली बसतात. पहिली दोन मिनिटे सारखे हलवा, कारण सपाट बाजू एकमेकींना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. पातळ कड आधी शिजते, जाड मध्य नंतर. म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा दीड-दोन मिनिटे आधी उपसा आणि उरलेले शिजणे रस्स्यात होऊ द्या, पास्त्याचे एक पळी पाणी घालून. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे रस्सा पट्टीला धरतो. रस्सा दाट हवा, खिम्याचा रागू किंवा रिकोत्ता चीजचा. पातळ रस्सा झालरीतून ओघळून ताटात उतरतो.

प्रश्न : माफाल्दा वाचली असती तर प्रजासत्ताक इटलीत तिला राहता आले असते का?

आले असते. 2 जून 1946 च्या सार्वमतात राजेशाही गेली. 1 जानेवारी 1948 पासून लागू झालेल्या घटनेच्या तेराव्या संक्रमणकालीन तरतुदीने देशात यायला बंदी घातली ती माजी राजे, त्यांच्या पत्नी आणि पुरुष वंशजांना. मुली त्यात नव्हत्या. योलांडाचा मृत्यू 1986 साली रोममध्येच झाला. बंदीचा हा भाग 2002 च्या घटनात्मक कायद्याने संपवला. पदव्यांचे मात्र वेगळे. चौदाव्या तरतुदीनुसार सरदारकीच्या पदव्यांना मान्यताच नाही, त्यामुळे ‘राजकन्या’ हे आज तिथे सरकारी कागदांवरचे बिरुद नाही, केवळ बोलण्यातले आहे.

प्रश्न : तिची कबर कुठे आहे? रोमच्या पँथिऑनमध्ये शोधून मिळाली नाही.

पँथिऑनमध्ये व्हित्तोरिओ एमान्युएले दुसरा, उंबेर्तो पहिला आणि राणी मार्गेरिता आहेत. माफाल्दाचे आईवडीलही तिथे नाहीत. राजा अलेक्झांड्रियात आणि राणी एलेना फ्रान्समध्ये मोंपेलिए इथे पुरलेली होती, आणि डिसेंबर 2017 मध्ये दोघांचे अवशेष पिएमोन्तेतल्या व्हिकोफोर्तेच्या चर्चमध्ये आणले.

माफाल्दाचे प्रेत इतरांबरोबर जाळले जाणार होते. योसेफ टील या चेक धर्मगुरू कैद्याच्या धडपडीमुळे ते शवपेटीत ठेवले गेले आणि वायमारच्या दफनभूमीत ‘अनोळखी स्त्री’ म्हणून, 262 क्रमांकाच्या कबरीत पुरले गेले. युद्ध संपल्यावर गाएता गावच्या, छावणीतून सुटलेल्या इटालियन खलाशांनी ती कबर शोधून काढली आणि तिच्यावर नावाची पाटी लावली. 1951 साली अवशेष फ्रांकफुर्टजवळच्या क्रोनबेर्ग इथे, हेसे घराण्याच्या किल्ल्यातल्या दफनभूमीत हलवले. कबर पाहायची तर तिथे. आणि बुखेनवाल्डचे स्मारक पाहायचे तर वायमार रेल्वे स्थानकापासून 6 क्रमांकाची बस एटर्सबेर्ग टेकडीवर नेते. प्रवेश विनामूल्य आहे. वर वारा फार असतो आणि बराकी बहुतेक उरलेल्या नाहीत, नुसते दगडी चौथरे आहेत, तेव्हा जाण्याआधी नकाशा हातात घ्यावा.